कुडूला आवतण

मेडनहेडचं ते घर तसं सगळ्या बाजूंनी चांगलं होतं. मागे बाग, पुढे दोन गाड्या लागतील एवढी जागा, स्टेशन चालत बारा मिनिटांवर. फक्त जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक मुंडकं होतं.

शशिकांतराव जूनच्या अखेरीस सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले, तेव्हा नीलने घर दाखवताना ती खोली शेवटी ठेवली.

"हा कुडू," तो म्हणाला. "आफ्रिकेतलं हरीण आहे. आधीचे मालक तिकडे शिकारीला जायचे. त्यांच्या भाचीने घर विकलं, बाकीची मुंडकी नेली, हे एवढंच ठेवून गेली. दारातून निघेना म्हणे."

खाली पितळेची पट्टी होती, तिच्यावर १९७१ कोरलेलं होतं. शशिकांतरावांनी चष्मा लावला. पुसदकडे गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसरचं काम केलं होतं. जनावर जिवंत असो की मेलेलं, डोळा आपोआप मोजमाप घ्यायचा. शिंगं अडीच पिळांची, हातभरापेक्षा बरीच लांब. नर, सात-आठ वर्षांचा. जिवंतपणी अडीचशे किलोच्या खाली नसणार. खांद्यापर्यंतचं अंग होतं आणि तिथून पुढे भिंत सुरू होत होती. जनावर भिंतीतून अर्धं बाहेर यावं आणि कुणी हाक मारली म्हणून थांबावं, तसं.

"मग काढत का नाही?"

"बाबा, तेच तर काम आहे," नील म्हणाला. त्याच्या आवाजात सहा आठवड्यांचा वैताग होता.

सून ऋजुता सातव्या महिन्यात होती. त्या खोलीत तिला घास गिळवत नसे. "तो माझ्या ताटात बघतो," ती म्हणायची आणि ताट घेऊन वर जायची. नंतर नंतर तिला त्याच्या वासानेही उलटी व्हायला लागली, खरं तर त्याला वास काहीच नव्हता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने बॅग भरली आणि हाउन्सलोला अन्वीकडे, तिच्या मैत्रिणीकडे, राहायला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, राग मानू नका. पण ते गेल्याशिवाय मी बाळाला घेऊन या घरात यायची नाही. नीलला सांगून झालं. आता तुम्हीच बघा."

शशिकांतरावांना राग कशाचा येणार? नातवंड मांडीवर घ्यायचं म्हणून तर ते सात समुद्र ओलांडून आले होते. डिसेंबरात व्हिसा संपणार. नील हॉस्पिटलमधून येई तो मेल्यासारखा झोपे. म्हणजे मुंडकं घालवायचं काम त्यांचंच.

आणि ते काम होईना.

पहिल्यांदा नीलच्या सुटीच्या दिवशी दाराची चौकट उतरवून त्यांनी ते गाडीत घातलं. शिंगं खिडकीतून बाहेर. ऑनलाइन स्लॉट घेऊन कचरा केंद्रावर गेले, तर पिवळ्या जाकिटातला माणूस म्हणाला, जुन्या कातड्यात आर्सेनिक असतं, आम्ही घेत नाही. घरी आणून परत टांगलं, कारण जमिनीवर ठेवायला जागाच नव्हती. कौन्सिलला फोन केला. फ्रिज नेतो, गादी नेतो, हे नेत नाही. चॅरिटी शॉपमधल्या बाई फोटो बघून रडायच्याच बाकी राहिल्या. म्युझियमचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: आमच्या कोठारात असे अकरा आहेत, धन्यवाद. फेसबुकवरचा एक माणूस तीन शनिवार येतो म्हणाला आणि तिन्ही शनिवार आला नाही.

"मी करवतीने कापतो अन् थोडा थोडा टाकतो," शशिकांतराव एकदा म्हणाले.

"बाबा, प्लीज! आर्सेनिक आहे त्यात. तुम्ही फक्त फोन करत राहा."

ते फोन करत राहिले. एक दाबा, दोन दाबा, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. शुक्रवारी येणारा माणूस मंगळवारी येतो म्हणे, मंगळवारचा म्हणे आमच्या यादीत नावच नाही. दवाखान्यात मेलेलं जनावर ते दुपारच्या आत पुरायला लावत. इथे पन्नास वर्षांपूर्वी मेलेलं एक हरीण त्यांच्याने घराबाहेर निघत नव्हतं. रोज दुपारी ते त्याच्यासमोर एकटे जेवायला बसत आणि ते काचेच्या डोळ्यांनी ताटात बघे.

गुरुवारी संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. इकडे अजून ऊन होतं.

"दादा, आज खांदमळण झाली," आशा सांगत होती. "पोरांनी बैल धुतले, मी हळद-तूप लावलं. तिकडं काय करतं तू पोळ्याला? तिकडं त बैल नसन."

"आहे की एक," शशिकांतराव म्हणाले आणि फोन भिंतीकडे वळवला.

"अगं माय!" आशा पदर तोंडाला लावून हसली. "त्याले कोणता खांदा अन् कोणतं जू!"

फोन ठेवला, तरी तिचं हसू कानात राहिलं. खांदा तर होता. उलट खांद्यापर्यंतच होता. शशिकांतराव खुर्चीवर चढले. कातडं पार सुकलेलं, मानेखाली दोन ठिकाणी तडकलेलं. आयुष्यभर अशी कातडी बघितली की हात मलमाकडे गेला होता. ते उतरून स्वयंपाकघरात गेले, वाटीत तूप घेतलं, हळद कालवली आणि परत येऊन मानेपासून खाली, केसांच्या वळणाने, दोन्ही खांद्यांना चोळत बसले. हात चालायला लागला की तोंडही चालतं. बाप म्हणायचा तेच शब्द बाहेर पडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. वाटी घासली, हात धुतले. कुडूची हळद तेवढी तशीच ठेवली. आवतणाची हळद दुसऱ्या दिवशीचं जेवण होईपर्यंत पुसायची नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक दांडगा इंग्रज, मागे व्हॅन. जुनी मुंडकी घेणारा, ऑक्सफर्डच्या पलीकडून आलेला. त्याला निरोप ठेवला होता त्याला महिना झाला होता. जवळून जात होतो म्हणून आलो, म्हणाला. चौकटीचे स्क्रू काढून त्याने वीस मिनिटांत मुंडकं खाली उतरवलं.

"हे पिवळं काय?"

"हळद," शशिकांतराव म्हणाले. "आमची पद्धत."

"करी हाउससारखा वास येतोय, मित्रा," असं म्हणून तो हसला. त्याने मुंडकं घोंगडीत गुंडाळलं आणि गेला.

भिंतीवर फिकट लंबगोल डाग राहिला, त्यात चार भोकं. शशिकांतरावांनी फोटो काढून नीलला पाठवला. नीलचा लगेच फोन आला. "बाबा, यू आर अ स्टार! मी तिला आजच आणतो."

त्या संध्याकाळी ऋजुता पहिल्यांदा त्या टेबलाशी बसून जेवली. तिने स्वतः पास्ता केला होता, दोनदा वाढून घेतला. शशिकांतरावांनीही दोनदा घेतला. खिडकी उघडी होती. उन्हात तापलेल्या वाळक्या गवताचा वास येत होता.

"कुणीतरी लॉन कापतंय," ऋजुता म्हणाली. "किती छान वाटतंय ना!"

भांडी विसळताना शशिकांतरावांच्या लक्षात आलं, की आज पोळा. आपण कुणाला तरी जेवायला बोलावलं होतं आणि त्याच्या आधी स्वतः जेवलो. त्यांच्या घरी बैल जेवल्याशिवाय घरधनी जेवत नसे. एका वर्षी बैल फुगला होता, घास घेईना. बाप दोन दिवस पाण्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी बैलाने पोळीला तोंड लावलं, तेव्हा तो उठला.

असू दे, ते मनाशी म्हणाले. ज्याला बोलावलं तो व्हॅनमधून गेला.

शनिवारी सकाळी मागच्या वाफ्यात खुरं उमटलेली होती.

"मंटजॅक असेल," नील चहा पीत म्हणाला. "इथलं छोटं हरीण. फार असतात नदीकडे."

छोटं? शशिकांतराव गुडघ्यावर बसले, बोटांनी मोजलं. त्यांच्या पंजाएवढं लांब खूर. जड जनावर, चालही सावकाश. पण काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागला. चार पायांच्या जनावराचा भार पुढच्या पायांवर जास्त असतो, कारण मान आणि डोकं पुढे असतं. पुढची खुरं खोल रुततात. कासराभर अंतरावरून ते हे सांगू शकले असते.

इथे मागची खोल होती. पुढची जेमतेम उमटली होती.

ते उठले. मागच्या दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी, बरोबर त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, पिवळा तुपकट पट्टा लागला होता. कुणीतरी आत शिरताना दोन्हीकडून अंग घासलं जावं तसा.

रविवारी त्यांनी पुरणपोळी केली. चण्याची डाळ मिळाली, गूळ हाउन्सलोहून ऋजुताने आणलेला होता. ताट वाढून बागेत ठेवलं. दिवसभर ते तिथेच राहिलं. कबुतरं खाली उतरली नाहीत. गोगलगायींनी भरलेली बाग होती, एकही ताटाकडे फिरकली नाही. संध्याकाळी जाऊन बघितलं, तर ताटासमोर गवत दाबलं गेलं होतं. बराच वेळ कुणी एका जागी उभं राहिल्यासारखं.

"बाबा, उंदीर येतील," नील म्हणाला. "काय चाललंय तुमचं?"

"उंदीर आले असते तर बरं झालं असतं."

सोमवारी त्यांनी इंग्रजाला फोन लावला. पाचव्यांदा उचलला.

"मुंडकं परत पाहिजे."

"काय म्हणालात? ते तर शनिवारीच गेलं. पोर्तुगालला."

"कुणाकडे? नंबर द्या."

"नाही देता येत. डेटा प्रोटेक्शन."

"मी येतो, मी आणतो. एका दिवसासाठी पाहिजे. एका जेवणापुरतं."

मग तो इंग्रज, लहान मुलाशी बोलावं तसं हळू म्हणाला, "घरात आणखी कुणी आहे का? त्यांना फोन द्या."

शशिकांतरावांनी फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटला. सहा आठवडे हे कुणी नेत नव्हतं. आता कुणी देत नव्हतं. तीच बटणं, तेच संगीत, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. नीलच्या कॉम्प्युटरवरून त्यांनी भाचीला मेल लिहिला, उत्तर नाही. फेसबुकवर विचारलं, कुणाकडे कुडूचं मुंडकं आहे का. लोकांनी हसरे चेहरे टाकले.

त्या दिवसापासून ते जेवले नाहीत. चहा, पाणी, फार तर अर्धं केळं. रोज पोळ्या, रोज ताट, रोज ते तसंच परत.

"पोटात दुखतंय?" नील विचारी. "आईची आठवण येतेय का?" मग त्याने रक्त तपासलं, ते ठीक निघालं. एका संध्याकाळी तो स्मरणशक्ती तपासायचा कागद घेऊन बसला आणि महिने उलटे म्हणायला सांगितले. शशिकांतरावांनी फाल्गुनापासून चैत्रापर्यंत न अडखळता म्हणून दाखवले. कागदावर घड्याळाचं चित्रही बरोबर काढलं.

"सगळं बरोबर आहे," नील हताश होऊन म्हणाला. "मग जेवत का नाही तुम्ही? असंच चाललं तर मला तुम्हाला परत पाठवावं लागेल, बाबा. आशाआत्याकडे. ऋजुताचे शेवटचे दिवस आहेत, मी दोघांकडे कसं बघू?"

काय सांगणार? बैल जेवायचा आहे म्हणून?

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी ते खाली आले, तेव्हा ऋजुता जेवणाच्या खोलीत जमिनीवर उशी टाकून, फिकट डागाखाली भिंतीला पाठ टेकून बसली होती. डोळे मिटलेले.

"तिथं नको बसू."

"अहो बाबा, इथेच बरं वाटतं. कंबर नुसती भरून आलीय. भिंत मस्त गरम आहे, शेकल्यासारखं होतं. मागे बॉयलर आहे का?"

"नाही."

"मग पाइप असेल. ऐका ना, ठोका लागतो मधून मधून. बाळ त्याच्यावर लाथा मारतं." ती हसली. "उत्तर देतं बहुतेक."

शशिकांतरावांनी तिच्या डोक्यावरच्या भिंतीला हात लावला. तीस वर्षं त्यांनी जनावरांच्या बरगडीला असाच हात लावला होता. एक ठोका. मोठा खंड. एक ठोका. मिनिटाला पस्तीस-चाळीस. निरोगी, मोठ्या जनावराचा.

ते चप्पल न घालता बाहेर गेले. भिंतीच्या पलीकडे कचऱ्याच्या डब्यांची बोळ होती. डबे बाजूला सरकलेले. विटा थंड होत्या. विटांवर, खांद्याच्या उंचीवर, पिवळं तूप.

गुरुवारी बाराला नील ऋजुताला मिडवाइफकडे घेऊन गेला.

शशिकांतरावांनी आंघोळ केली. पाच पोळ्या लाटल्या, वर तूप सोडलं. या वेळी ताट बागेत नेलं नाही. डागाखाली स्टूल मांडलं आणि त्याच्यावर ठेवलं. हात जोडले.

"आवतण मी दिलं," ते भिंतीला म्हणाले. "अन् तुझं तोंड मीच देऊन टाकलं. चूक माझी. ती पोर, तिच्या पोटातलं, त्यांचा यात काही संबंध नाही. तू जेव. कसा जेवशील ते मला माहीत नाही. पण जेव, आणि मोकळा हो. मला मोकळं कर."

त्यांनी मान खाली घातली.

वाळक्या गवताचा वास आला.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाबा? असे भिंतीकडे तोंड करून काय उभे आहात?"

ऋजुता दारात होती, एक हात चौकटीवर. मागे नील गाडीच्या किल्ल्या ठेवत होता. घड्याळात पावणेतीन.

"अय्या, नील! बाबा जेवले!"

स्टुलावरचं ताट लख्ख होतं. पोळीचा तुकडा नाही, तुपाचा ओघळ नाही.

"पाचच्या पाच?" नील आत आला. किती दिवसांनी तो हसत होता. "बाबा, मिशीला पुरण लागलंय."

शशिकांतरावांनी मिशीला हात लावला. लागलं होतं. तोंडात गुळाची चव नव्हती. दाढांमध्ये गवताचं कुसळ अडकावं तसं काहीतरी टोचत होतं.

ऋजुताने सवयीने भिंतीला तळवा टेकला. "अरे, गार झाली ही. नेमकी माझी कंबर दुखतेय तेव्हाच."

"गार झाली?" त्यांनी विचारलं.

"एकदम."

त्यांनीही हात लावून बघितला. नुसती भिंत. प्लास्टर, रंग, चार भोकं. ऋजुता खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि केळं सोलायला लागली. शशिकांतरावांना वाटलं, आता रडू येईल. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड धुवायला वर गेले.

सदरा अंगाला चिकटला होता.

त्यांनी तो सावकाश काढला. आरशात आधी मान दिसली, मग दोन्ही खांदे. हळद आणि तूप, मानेपासून खाली, केसांच्या वळणाने, चांगलं मुरवून चोळलेलं. ते वळून बघू लागले. पाठीवर, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथपर्यंत. बोटांचे वळ कुठे नव्हते.

तूप अजून कोमट होतं.

"बाबा," खालून ऋजुताची हाक आली, आनंदाची, "उद्या काय करू जेवायला? तुमच्या आवडीचं सांगा!"

त्यांनी टॉवेल हातात घेतला.

"उद्या माझ्यासाठी काही करू नको गं," ते म्हणाले.

आणि टॉवेल, तसाच कोरडा, खुंटीला परत अडकवला.